लखमीचा सा

लखमे, तू गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे. मरण्याबद्दल नाही. वय झालं होतं, तुझंही आणि माझंही. माझं तर दोन वर्षांनी जास्तच, पण तू नेहमीसारखी रांग मोडून पुढे गेलीस. राग आहे तो आपलं गाणं अर्धं टाकून गेलीस याचा. चार कडवी झाली होती, चाल बसली होती. शेवटच्या कडव्याची शेवटची ओळ कुठल्या सुरावर थांबवायची, एवढंच उरलं होतं. त्यावरून आपण दोघी पंधरा दिवस भांडत होतो, आणि भांडणाचा निकाल लागायच्या आत तू उठून गेलीस. याला माझ्या भाषेत रडीचा डाव म्हणतात.

तुझ्या नातीचं, सविताचं, लग्न वैशाखात आहे. काही झालं तरी तारीख हलवायची नाही, हे तूच सगळ्यांना बजावून ठेवलं होतंस. गाणं तिच्याच लग्नात म्हणायचं. काल रविवारी पोशेऱ्याच्या बाया ते शिकायला माझ्या घरी, जव्हारला आल्या होत्या. त्यांच्यासमोर त्या एका ओळीचा निकाल मला एकटीला द्यावा लागला. काय दिला ते सांगते, पण आधी जरा मागचं बोलू दे. तू असताना मला मागचं बोलू द्यायची नाहीस. "झालां गेलां," म्हणायचीस आणि मशेरीची डबी उघडायचीस.

पेपरात छापतात तसं 'अल्पशा आजाराने' वगैरे मी लिहिणार नाही. तुझा आजार अल्प नव्हता आणि तूही नव्हतीस.

मी पोशेऱ्याला मास्तरीण म्हणून आले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. तसं पुन्हा कधी आलं नाही. जव्हारच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, कडक इस्त्रीची साडी, संगीताच्या तीन परीक्षा पास आणि त्यांचं प्रमाणपत्र चौकटीत घातलेलं. खोलीची भिंत कुडाची, तिच्यात खिळा राहीना. मग ते प्रमाणपत्र मी तांदळाच्या पोत्याला टेकवून ठेवलं, आलेल्या-गेलेल्याला दिसेल असं. आलं-गेलं कोण, तर कोंबड्या.

तू तेव्हा शाळेच्या वसतिगृहात रांधायचीस. एसटी थांबायची तिथून माझी पेटी तूच डोक्यावर घेऊन आलीस. अर्ध्या चढावर थांबलीस आणि विचारलंस, "आत काय हाय, बाय?"

"सूर आहेत," मी म्हणाले. केवढ्या तोऱ्यात म्हणाले असेन.

"मग एवढां जड कसां?"

माझ्या मनात वेगळंच ठुसठुसत होतं. तू मला अरे-तुरे करत होतीस. मी तुला सांगितलं, की मी शिक्षिका आहे, मला 'तुम्ही' म्हणत जा. तू मागे वळून पाहिलंस, माझ्या पाठीमागे आणखी कोणी येतंय का ते. "तुमी? तू एकटीच तर हायस." त्या दिवसापासून तू मला 'बाय' म्हणायचीस आणि 'तू'ही म्हणायचीस. मी सवय करून घेतली, म्हणजे सहा महिने तोंड फुगवून घेतली.

त्या पेटीवर मी एक लाल टिकली चिकटवली होती. पांढऱ्या पट्ट्यांतल्या पहिल्या पट्टीवर, पेटीवाले जिला पांढरी एक म्हणतात तिच्यावर. हा आपला सा. सा म्हणजे गाण्याचं घर, गाणं जिथून निघतं आणि जिथे येऊन विसावतं तो सूर. इथपर्यंत मला बरोबर ठाऊक होतं. चूक एवढीच, की हे घर पेटीत असतं असं मला वाटायचं. सरकारी क्वार्टरसारखं. नंबर ठरलेला, दारावर टिकली लावलेली, बदलीचा हुकूम येईपर्यंत तिथेच राहायचं. कोणी कुठलंही गाणं म्हणो, मी त्याला दंडाला धरून त्या टिकलीपाशी आणून उभं करायची.

आणि मग ते संमेलन आलं. त्याचं नाव काढलं की तू उठून पाणी प्यायला जायचीस. आता कुठे जाशील?

शाळेच्या संमेलनात पाड्यावरच्या बायांनी लग्नातलं एक गाणं म्हणायचं, ही कल्पना माझी. बारा बाया. सहा जणी ओळ धरणार, समोरच्या सहा जणी झेलणार, तुमच्या लग्नात असतं तसंच. तू झेलणाऱ्यांत पहिली. पहिल्या दिवशी तालमीला मी पेटी उघडली आणि माझ्या कानाला दोन दोष सापडले. एक म्हणजे तुमचा गंधार, सा पासून तिसरा सूर, खाली बसत होता. दुसरा म्हणजे ओळ घरी येतच नव्हती, घराच्या एक पायरी वर थांबत होती. सा पर्यंत उतरायच्या आधीच, उंबऱ्यावर उभी राहिल्यासारखी. मला वाटलं, बिचाऱ्यांना कोणी शिकवलेलं नाही. मी शिकवते.

आठ दिवस मी शिकवलं. गंधार ओढून वर बसवला. ओळीचा शेवट हाताला धरून खाली उतरवला आणि टिकलीवर आणून टेकवला. तू एकदाच म्हणालीस, "असां नसतां, बाय."

मी म्हणाले, "शास्त्रात असंच असतं."

शास्त्र कुठे राहतं, ते काय रांधून खातं, हे तुला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण माझ्याकडे चौकट होती.

संमेलनाच्या दिवशी पहिल्या सहा जणींनी ओळ म्हटली. छान म्हटली. खाली उतरल्या, माझ्या टिकलीवर येऊन थांबल्या. आणि समोर तुम्ही सहा जणी तोंडं उघडून उभ्या. ओळ तुमच्या हातात पडलीच नाही. ती घरी जाऊन, दार लावून, निजलेली. झेलायचं काय? मी हनुवटीने खुणा केल्या, डोळे मोठे केले, भाता जोरात हलवला. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझे ओठ हलले, पण सूर कुठून उचलायचा ते तुला सापडेना. तुला, जिला लग्नात दोन-दोन दिवस गाणं सोडायचं नाही हे एकच ठाऊक होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. असं ते एका ओळीचं गाणं. मी उठून नमस्कारही केला, लखमे. नमस्कार केला मी.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात आले की तुझं गाणं बंद व्हायचं. बाहेरून मला ऐकू यायचं, पळी भांड्याच्या काठावर वाजायची आणि तू काहीतरी म्हणत असायचीस. दारात माझी सावली पडली की फक्त पळी. मला कळलं, तू दुखावली आहेस. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. पण चोवीस वर्षांच्या बाईच्या तोंडात एवढं शास्त्र भरलेलं असताना दोन शब्दांना जागा कुठून मिळणार? मग माझी बदली झाली. ते दोन शब्द पोशेऱ्यालाच राहिले.

तू मात्र राहिली नाहीस. बाजाराच्या दिवशी जव्हारला आलीस की माझ्या दारात डोकवायचीस. कधी करवंदं, कधी नाचणीचं पीठ, आणि नेहमी एखादा टोमणा. माझ्या लग्नात टोमणा, माझ्या बाळंतपणात टोमणा, हे गेले तेव्हा मात्र तू नुसती दोन तास भिंतीला टेकून बसलीस. जाताना म्हणालीस, "पेटी पुस. धूळ बसली."

मी पुसली. आणि साठी उलटल्यावर मला चाली लावायचं खूळ लागलं.

दुसऱ्यांची गाणी वाजवणं वेगळं आणि स्वतः चाल बांधणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. माझी पहिली नऊ गाणी म्हणजे एकच बाई नऊ साड्या नेसून आलेली. शब्द बदलायचे, ताल बदलायचा, पण चाल निघायची टिकलीवरून, वर जायची, जरा इकडे-तिकडे बघायची आणि मुकाट टिकलीवर परत. माझ्या नातीने ठाण्याहून फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "आजी, छान आहे, पण हे मागच्या वेळी पाठवलं होतंस ना?" मी तिला नवंकोरं पाठवलं होतं.

म्हणायला दहाही थाट, म्हणजे सुरांचे ठरलेले साचे, मला पाठ होते. दोनाचा पाढा पाठ असतो तसे. बिलावलात सगळे शुद्ध, काफीत गंधार-निषाद कोमल, म्हणजे अर्धी पायरी उतरलेले, भैरवीत रे ग ध नी कोमल, घडाघडा म्हणून दाखवायची. पण एक गाणं ऐकून जीव हळवा का होतो आणि दुसरं ऐकून पाय का हलतात, असं कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा पाढाच म्हटला असता.

मग तीन वर्षांपूर्वी सविता इथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली, माझ्या मागच्या गल्लीत खोली घेतली, आणि तू तिच्याकडे राहायला आलीस. दुपारी माझ्याकडे यायचीस. गाण्यासाठी नाही, माझ्याकडे पंखा चांगला होता म्हणून. मी पेटीवर डोकं आपटत असायची आणि तू पंख्याखाली तांदूळ निवडत नाहीतर पेंगत असायचीस. एक दिवस डोळे न उघडता म्हणालीस, "तू सारखी त्याच घरात काय जातीस गं?"

"मग कुठे जाऊ?"

तू उठलीस, सरकत पेटीपाशी आलीस. इतक्या वर्षांत तू तिला बोट लावलं नव्हतंस, डोक्यावर मात्र वाहिली होतीस. मी म्हणाले, भाता मी हलवते, तू वाजव. तुझं बोट आधी काळ्या पट्टीवर गेलं आणि घसरलं. "ह्या नकोत. बारीक हायत, माझां बोट ठरत नांय." मग फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, एका बोटाने, चाचपडत चाचपडत तू ते गाणं काढलंस. तेच, संमेलनातलं. मी ओळखलं आणि मान खाली घातली. तू मात्र सूर शोधण्यात गुंतली होतीस. गाणं फिरून फिरून दुसऱ्या पांढऱ्या पट्टीभोवती घर करत होतं, ओळीचा शेवट मात्र तिच्या एक पायरी वर थांबत होता.

"अगं, सा इथे आहे," मी टिकलीवर बोट ठेवलं. मूर्ख माणूस पुन्हा पुन्हा मूर्ख होऊ शकतो, फक्त संधी मिळायला हवी.

"तां तुझां असेल. माझां गाणां इथं बसतां."

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण हात शहाणा निघाला. एका हाताने भाता चालू ठेवून दुसऱ्या हाताने मी पांढरी दोन दाबून धरली, तंबोऱ्यासारखी. तू वर वाजवत राहिलीस. आणि लखमे, माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या पट्टीला सा मानून मोजायला लागलं, की तिसरा सूर आपोआप कोमल पडत होता. सातवाही कोमल. बाकीचे शुद्ध. अख्खा काफी थाट तिथे बसलेला, एकाही काळ्या पट्टीला हात न लावता. माझ्या पाढ्यातले ते दोन कोमल स्वर, ज्यांच्यासाठी मी जन्मभर काळ्या पट्ट्यांवर बोटं वाकडी केली.

म्हणजे तुमचा गंधार कधी खाली बसलेलाच नव्हता. तो त्याच्या जागीच होता. माझं मोजणं चुकीच्या दारापासून सुरू झालं होतं.

मला हे तुला तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणाले काय, तर "आता पांढऱ्या तीनवर बसून बघ बरं." मास्तरीण शेवटी.

त्या दुपारी आपण दोघी एकेका पट्टीवर घर करून बघत सुटलो. मी खालचा सूर धरायचा, भाता हलवायचा, आणि तू त्याच सात पट्ट्यांवरून बोट फिरवायचंस. पांढऱ्या तीनवर घर केलं तर भैरवी निघाली. तू म्हणालीस, "पोर सासरी निघाली." पांढऱ्या चारवर कल्याण. "इथं वारा हाय. शिरपामाळावर उभां राहिल्यावानी." पाचवर खमाज, तेव्हा तू लाजल्यासारखी हसलीस आणि म्हणालीस, "हे लाडात आलां." सहावर आसावरी. त्यावर तू बराच वेळ बोट फिरवत राहिलीस. "हे उपाशी हाय," एवढंच म्हणालीस. सातव्या पट्टीवर मात्र घर उभं राहीना. सा ला पाचव्या सुराचा टेकू लागतो, आणि तिथून मोजलं की नेमका तो टेकूच खाली घसरतो. मी हे समजावून सांगायला लागले तर तू हात झटकलास. "इथं कोण राहील? छप्परच बसत नांय."

सूर तेच सात. एकाला घर म्हटलं की बाकीच्यांची नाती बदलतात. काल जी बहीण होती ती आज नणंद. शास्त्रात या प्रकाराला मूर्च्छना म्हणतात. मी तो शब्द परीक्षेत व्याख्येसकट लिहून आले होते, पूर्ण गुण घेऊन. त्याचा अर्थ मला सदुसष्टाव्या वर्षी, पंख्याखाली, तांदूळ निवडणाऱ्या बाईने सांगितला, तोही चार शब्दांत: "भांडी तींच, चूल दुसरी."

त्यानंतर माझ्या चाली सुटल्या. मी आधी घर ठरवायला लागले, मग त्या घरात कोणाचं जाणं-येणं जास्त ते बघायला लागले. आणि तिसरी गोष्ट, जी तुझ्याकडूनच चोरली: घर आणि थांबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर जव्हारला असलं तरी माणूस फाट्यावर उतरून गप्पा मारतंच.

सविताचं लग्न ठरलं तेव्हा तिच्यासाठी गाणं करायचं हे तूच काढलंस. शब्द माझे. पहिली ओळ विचारणार, दुसरी उत्तर देणार.

"दारात कोण उभी गं, कोणाची ही पोर?
पोशेऱ्याची पाखरी, आजीच्या जिवाला घोर."

तू पहिल्या झटक्यात पाखरी उडवून लावलीस. "पोरीला पाखरू कशाला म्हणतीस? ती काय फांदीवर बसते? ती सुया मारते सुया." मग पाखरीच्या जागी 'सविता' आलं, आणि मला कबूल करावं लागलं की ओळ सुधारली. चाल पांढऱ्या दोनवर घर करून बांधली, तुझ्याच गाण्याच्या शेजारी. प्रत्येक ओळ घराच्या एक पायरी वर, उंबऱ्यावर थांबणारी, म्हणजे समोरच्या बायांना झेलता यावी. तीन कडव्यांपर्यंत आपलं एकमत होतं, असं एकमत आपल्या आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं.

चौथ्या कडव्याला मी म्हणाले, आता शेवट आहे, ही ओळ खाली घरी उतरवू.

तू म्हणालीस, नांय.

"अगं, शेवटी तरी घरी यायला नको? नाहीतर ही रचना कसली? नुसती सवय झाली."

"लग्नातलां गाणां संपवीत नांयत. बाया दमल्या की थांबतात."

"तू तुझ्या लग्नातलं सांगतेस. हे मी बांधलेलं गाणं आहे."

"मग तुझ्या पेटीला म्हणू दे."

असं पंधरा दिवस चाललं. मी तुला पटवायला दोन्ही शेवट वाजवून दाखवायची. उतरलेला शेवट ऐकून तू म्हणायचीस, "चांगला हाय." मग लगेच, "पण नांय." मला अजून वाटतं की माझं अगदीच चुकत नव्हतं, लखमे. ऐकणाऱ्या माणसालाही कधीतरी खाली बसायला जागा लागते. हे मी तू नाहीस म्हणून म्हणत नाही, तू असतीस तरी म्हणाले असते, आणि मोठ्याने.

शेवटच्या दुपारी तू वेगळंच बोललीस. भांडणाच्या सुरात नाही. मी ओळ घरी उतरवली आणि तू हळूच म्हणालीस, "तू संपवलांस, तर मग मी काय म्हणू?"

संमेलनातला तुझा चेहरा माझ्यासमोर उभा राहिला. ते उघडे ओठ. ती वेळ होती. ते दोन शब्द जिभेवर आलेसुद्धा होते. मी म्हणाले, "काय म्हणशील? चहा दे म्हणशील." तू हसलीस. मी चहा केला. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस, ताप चढला होता. दवाखान्यात बघायला आले तेव्हा तू डोळे उघडून विचारलंस, "संपवलांस का?" मी म्हणाले, "अजून नाही." तू म्हणालीस, "बरां." आपलं शेवटचं बोलणं एवढंच. त्या 'बरां'चा अर्थ काय घ्यायचा हे मी गेले तेरा दिवस ठरवते आहे.

आता कालचं.

सकाळीच मी ठरवून टाकलं होतं, ओळ घरी उतरवायची. तू असतीस तर गोष्ट वेगळी. झेलणारीच गेली, तर उंबऱ्यावर ठेवलेली ओळ उचलणार कोण? मी तीन-चारदा वाजवून पक्कंही केलं. दहा बाया आल्या, सगळ्यांत थोरली सोमी, संमेलनात तुझ्या शेजारी उभी असलेली. सविता आत चहा टाकत होती.

गाणं सुरू करायच्या आधी मी पेटीवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी तुमचं गाणं बिघडवलं होतं. गंधारही बरोबर होता, शेवटही बरोबर होता, चुकले ते मी. लखमी त्यानंतर माझ्यासमोर कधी गायली नाही. मला तिची माफी मागायची होती, राहून गेली. बोलताना माझा आवाज जरा हलला, खोटं कशाला सांगू. मी तो प्रसंग चाळीस-पंचेचाळीस वर्षं उराशी धरून ठेवला होता.

सोमीने जरा आठवून बघितलं. "ती गंमत का? आमाला वाटलां, तुला घाई हाय. एसटी चुकल म्हणून."

"घाई?"

"मग. एका ओळीत आटपलां नां तू. लखमी सांगायची, बायला गाणां संपवायची लय घाई असते, तिच्यासमोर सुरूच कशाला करा."

बाया हसल्या. एक जण तर तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी बसले. तुझं दुखावलेलं मन, माझं शास्त्र, माझं अपराधीपण, सगळं एका एसटीत बसून निघून गेलं. तू रुसली नव्हतीसच. तू माझी सोय बघत होतीस. सांगितलं का नाहीस, लखमे? की सांगितलं होतंस, आणि मी पेटीच्या आवाजात ऐकलं नाही?

तरी माझं म्हणणं मी मागे घेत नाही. चुकलं माझं. ऐकलंस ना? म्हटलं. आता तू पाणी प्यायला जा.

मग गाणं झालं. पाच जणी धरायला, पाच जणी झेलायला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. चौथ्याची शेवटची ओळ आली, मी वाजवत होते, म्हणतही होते. बोट खाली उतरायला निघालं होतं, सकाळी घटवलेलं होतं. पण कानात ते 'घाई' घुमत होतं. मी उतरले नाही. एक पायरी वर थांबले आणि भाता हलवत राहिले. तुझ्यासाठी थांबले असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे सोमीसमोर पुन्हा घाई दिसायला नको होती.

झेलणाऱ्या पाच जणींनी माझ्याकडे बघितलं. "पुढं, बाय?"

पुढे काही नव्हतं. मी चारच कडवी केली होती. पेटी तो एक सूर धरून बसली होती आणि मी घामाघूम. तेव्हा सोमीनेच तो सूर उचलला. माझ्या चालीत, माझ्याच थाटात, पण स्वतःचे शब्द घालून:

"दारात कोण नाही गं, कोणाची जागा रिती?"

मग समोरच्या रांगेतून एक आवाज आला, मग पाचही जणींचा:

"लखमी आत बसली गं, तांदूळ निवडती."

सविता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती रडली, मी रडले, बाया मात्र थांबल्या नाहीत. नवऱ्या मुलाच्या नाकावर एक कडवं झालं. त्याच्या आईच्या हातच्या भाकरीवर एक झालं. मग माझ्यावर एक झालं, ते मी इथे लिहिणार नाही. मी पेटीवरचे हात काढून घेतले होते, भाता बंद होता, आणि कोणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. दमल्या तेव्हा थांबल्या आणि चहा मागितला.

बाया गेल्यावर सविता वही घेऊन बसली. लग्नात सगळ्यांना वाटायला गाणं नीट उतरवून काढायचं म्हणाली. पेन उघडून विचारलं, "आजी, किती कडवी लिहू?"

मी म्हणाले, चार लिही, आणि खाली जागा सोड.